जाड भिंतीमागचे पाहण्यासाठी सेन्सर निवडताना
जळगाव-धुळ्याकडील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीमागे काय आहे हे पाहायचे असेल, तर थर्मल कॅमेऱ्यावर विसंबू नये, कारण तो केवळ पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. अशा कामास रडार सेन्सर घ्यावा. त्याच्या रेडिओ लहरींची वारंवारता कमी असल्यास त्या खोलवर जातात. बारकावा मात्र बँडविड्थवर, म्हणजे सेन्सर वापरत असलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या रुंदीवर ठरतो, आणि ती १ गिगाहर्ट्झ असल्यास हवेत एकामागे एक, सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतात. ओल या लहरी शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात घाई न करता भिंत पूर्ण वाळलेली असताना, एप्रिल-मे महिन्यांतच मोजणी करावी, असा माझा आग्रह आहे. पत्र्यामागचे मात्र रडारलाही दिसत नाही.