मंडळात डार्टची ओपन घ्यायची असेल तर

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीला, आठवडा असतो, कॅरमची स्पर्धा उरकलेली असते आणि इंदूरच्या रामबागेतला आमच्या मंडळाचा हॉल दुपारचा रिकामा असतो. त्या रविवारी आम्ही डार्टची, म्हणजे गोल बोर्डावर छोटे बाण फेकायच्या खेळाची, ओपन घेतो: कुणीही उतरावं अशी स्पर्धा. गुण मी मांडते. जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे हातातला खडू सुटत नाही, एवढीच माझी पात्रता. तुम्हाला घ्यायची असेल तर आधी आमच्या चुका ऐका.

बोर्ड घायपाताच्या धाग्याचाच घ्या. त्यात धागे ठासून उभे बसवलेले असतात. डार्टचं टोक धाग्यांच्या मधून शिरतं आणि डार्ट काढला की भोक मिटून जातं. पहिल्या वर्षी आमच्या एका काकांनी कुठंतरी ऐकलं, की बोर्ड रात्रभर पाण्यात भिजवायचा असतो. ऐकलं ते खोटं नव्हतं, पण ते जुन्या काळच्या एल्म लाकडाच्या बोर्डांचं. आमचा बोर्ड सकाळी मधोमध पुरीसारखा फुगलेला! नवा आणावा लागला. पाणी अजिबात लावू नका, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवरही टांगू नका.

बुलचा, म्हणजे बोर्डाच्या मधल्या ठिपक्याचा, मध्य जमिनीपासून 1.73 मीटरवर, 20 चा काळा पट्टा बरोबर वर. फेकणाऱ्याची रेघ 2.37 मीटरवर, पण भिंतीपासून नव्हे, बोर्डाच्या तोंडापासून. बोर्ड जवळजवळ चार सेंटीमीटर जाड असतो, मागे फळी असते ती वेगळी. दोन वर्षं आम्ही भिंतीपासून मोजत होतो. सगळे पुढे उभे राहून फेकायचे, आणि अर्थातच कुणाची तक्रार नव्हती. गवंड्याचा ओळंबा बोर्डाच्या तोंडावरून सोडा आणि तो टेकेल तिथून टेप लावा. मग बुलपासून रेघेपर्यंत सुतळी तिरपी ताणा, ती 2.93 मीटर भरली पाहिजे. आमच्याकडे ती सुतळी धरायला होता माझाच एक जुना विद्यार्थी, ज्याला पायथागोरसमध्ये तीनदा उभं केलं होतं.

आता स्पर्धेचा साचा. हा आम्ही सरळ इंग्लंडमधून उचललाय. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ नावाच्या रविवारच्या वर्तमानपत्रानं 1927 मध्ये लंडनच्या भागात डार्टची स्पर्धा सुरू केली, ती 1947-48 पासून देशभर झाली. आधी आपल्या पबमध्ये जिंकायचं, मग पुढच्या पायऱ्या चढत फायनल. 1939 मध्ये लंडनच्या रॉयल ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये ही फायनल बघायला चौदा हजारांवर माणसं आली होती. डार्ट बघायला! खुबी होती ती डावांच्या संख्येत. 501 चे, म्हणजे 501 मधून गुण वजा करत शून्यावर यायचे, तीनपैकी दोन डाव जिंकले की संपलं. एवढ्या छोट्या सामन्यात एखादा साधा पबवालाही मोठ्या खेळाडूला घरी पाठवू शकतो. एरिक ब्रिस्टो 1980 आणि 1981 ला जगज्जेता झाला, पण ही स्पर्धा त्याच्या हाती लागायला 1983 उजाडलं. 1990 ला ती बंद पडली, 1997 ला एकदा परत झाली आणि फिल टेलरनं जिंकली.

म्हणून आम्हीही तीनपैकी दोनच ठेवतो. सोळा नावं, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, पंधरा सामने. फक्त 501 फायनलला, बाकी 301. नाहीतर नवखे शेवटच्या डबलवर, म्हणजे दुप्पट गुणांच्या बाहेरच्या अरुंद कड्यावर, अडकतात आणि पोहे थंड होतात. वयाची, बायका-पुरुषांची वेगळी यादी करू नका. ओपन म्हणजे ओपन. मात्र एक जण फेकत असताना दुसरा त्याच्या मागेच थांबेल आणि मुलं बोर्डाच्या बाजूला फिरकणार नाहीत, हे आधीच बजावा.

गुण मांडणं सोपं वाटतं, भांडणं तिथंच होतात. फळ्यावर दोन रकाने करा: डावीकडे या फेरीत मारलेले, उजवीकडे उरलेले. तिन्ही डार्ट बोर्डात असतानाच बेरीज मोठ्यानं म्हणा, मगच ते काढू द्या. पडलेला डार्ट शून्य. शेवट डबलवरच व्हायला हवा. जास्त मारले, एकच उरला किंवा साध्या घरात शून्य झालं, तर ती फेरी बाद आणि फेरीच्या आधीचा आकडा परत. हे नियम कागदावर लिहून फळ्याशेजारी चिकटवा, म्हणजे भाऊबंदकी होत नाही.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनींचे 32 उरले होते. मी गप्प होते, कारण मांडणाऱ्यानं वाट सुचवायची नसते. त्यांनी डबल 16 धरला, डार्ट साध्या सोळात गेला. उरले 16, म्हणजे डबल 8. तोही साध्या आठात. उरले 8. तिसरा डबल 4 मध्ये. चुकत गेलं तरी आकडा निम्मा होतो आणि पुढे डबल उरतोच, म्हणून जाणते 32 वर यायला बघतात. वहिनींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसतं ‘बाई गं’ म्हटलं आणि पदर खोचून डार्ट काढायला गेल्या.

स्पर्धा संपली की आकड्यांचं तारेचं कडं काढा, दोन घरं फिरवून बसवा आणि तेवढाच बोर्डही उलट दिशेनं फिरवून 20 पुन्हा वर आणा. सगळे विसावरच मारतात, तो पट्टा लवकर झिजतो. एकच घर फिरवलंत तर विसाखाली काळ्याऐवजी पांढरा पट्टा येईल, तेव्हा दोनच. आम्ही पहिल्यांदा एकच फिरवलं होतं.