टाकीवर, पंपावर, सोलरवर सेन्सर लावताय? या चुका टाळा

डिसेंबरातली सकाळ, पावणेसहा. निफाडचा पारा एक आकडी झाला की आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातही नळाखाली हात धरवत नाही. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या. "अहो भाऊ, तुमच्या मोबाइलात सोलरचं पाणी ८५ डिग्री दाखवतंय, आणि माझ्या बादलीत नुसता बर्फ!"

"दहा मिनिटं द्या काकू, वर जाऊन बघतो."

टेरेसवर टाकी थंडगार. ॲपवर मात्र ८५.०. कमी नाही, जास्त नाही. सातपूरला कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं, म्हणून सोसायटीतलं हे खातं आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या तीन वर्षांत सहा-सात वेळा "सेन्सर गेला" अशी बोंब झाली. खरोखर गेलेला एकच निघाला. बाकी सगळे बसवताना फसलेले.

न हलणारे ८५

स्वस्त किटमध्ये तापमानासाठी बहुतेक वेळा डीएस१८बी२० नावाचा सेन्सर असतो. वीज मिळाली की तो आधी आपल्या मेमरीत भरून ठेवलेला ८५ हा आकडा पुढे करतो. खरं माप घ्यायला त्याला पाऊण सेकंद लागतो. जोड सैल असेल आणि पुरवठा सारखा तुटत असेल, तर ते माप कधी होतच नाही. बऱ्याच किटमध्ये उणे १२७ दिसलं, तर वायर पूर्ण सुटली असं समजा. आमच्याकडे वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. एका पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं पडलं. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, जोड प्लास्टिकच्या डबीत घेतला, विषय संपला. काकूंचं पाणी थंड का, तर हीटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरने ८५ खरं मानलं आणि बॅकअप हीटर रात्रभर लावलाच नाही.

तापमान मोजायची जागाही बघा. टाकीत गरम पाणी वर राहतं, थंड खाली बसतं. सेन्सर तळाशी असेल तर वर अर्धी टाकी गरम असूनही हीटर फुकट जळतो. अगदी माथ्यावर असेल तर दोन बादल्या गरम पाणी उरलेलं असतानाही ॲप ६० दाखवत खुशाल बसतं. वर एक, खाली एक असे दोन लावा. पाइपवर बाहेरून बांधणार असाल तर त्यावर इन्सुलेशन गुंडाळल्याशिवाय सोडू नका. उघडा सेन्सर दुपारी उन्हाचं तापमान सांगतो आणि पहाटे वाऱ्याचं.

टाकी वाहतेय, ॲप म्हणतं ४० टक्के

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लेव्हल सेन्सरने. झाकणाला लावायचा अल्ट्रासॉनिक प्रकार आवाज सोडतो आणि पाण्यावरून तो परत यायला किती वेळ लागला हे मोजतो. पण तोंडापासून साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. टाकी काठोकाठ भरत आली की पाणी नेमकं त्याच पट्ट्यात येतं आणि आकडा वेडावाकडा उड्या मारू लागतो. आमच्या फिटरने सेन्सर झाकणाच्या आतून चिकटवला होता. तो वर उचलून बसवला आणि पंप बंद व्हायची पातळी त्या पट्ट्याच्या खाली ठेवली, तेव्हा टाकी वाहायची थांबली. आतली शिडी आणि इनलेटची धार त्याच्या समोर येता कामा नये. जमिनीखालच्या टाकीत थंडीत त्याच्या तोंडावर दव साचतं, ते अधूनमधून पुसावं लागतं.

मग वेगळाच घोळ. आवाजाचा वेग हवा तापली की वाढतो, दर डिग्रीला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. पहाटे १० आणि दुपारी झाकणाखाली ४० डिग्री असेल तर मापात पाच टक्के फरक, म्हणजे दीड मीटरला सात-आठ सेंटिमीटर. पाणी कुणी वापरलं नाही तरी पातळी वरखाली होते, आणि लोक वॉचमनवर संशय घेतात! तापमानाची भरपाई स्वतः करणारं मॉडेल मागून घ्या.

तळाशी सोडायचा प्रेशरवाला सेन्सर जास्त भरवशाचा, पण त्याच्या केबलमध्ये हवेसाठी बारीक नळी असते. "पाणी जाईल" म्हणून इलेक्ट्रिशियनने तिचं तोंड एम-सीलने बंद केलं. मग बाहेरच्या हवेचा दाब बदलला की आमची पातळी बदलायची. नळीचं तोंड उघडंच हवं, फक्त कोरड्या डबीत. तो तळापासून थोडा उचलून टांगा, नाहीतर पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा गाळ त्याच्यावर बसतो. आणि टाकी धुणाऱ्या पोरांना आधी सांगा. ती केबल दोरी समजून ओढतात.

पंप

करंट मोजायची क्लॅम्प एकाच वायरभोवती लावायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले की एकमेकांचं चुंबकत्व खोडतात आणि पंप घरघरत असताना शून्य दिसतं. ही चूक मी स्वतः केली आहे, अर्धा तास मीटरला शिव्या घातल्या.

कोरडा पंप करंट कमी घेतो, त्यावरून ड्राय रन ओळखता येतो. मर्यादा मात्र कंपनीच्या ठेवू नका. आठवडाभर आपल्या पंपाचे आकडे लिहा. आमचा भरला असताना साडेसात अँपिअर घेतो, कोरडा चारच्या आसपास. सुरू होताना क्षणभर करंट कित्येक पट उसळतो आणि पाणी धरायलाही वेळ लागतो, म्हणून पंप आपोआप बंद (ट्रिप) करायला पाच-दहा सेकंदांचा उशीर द्या. चालू आणि बंदची पातळी एकच ठेवली तर पंप दर मिनिटाला टकटक करतो. ४० ला चालू, ९० ला बंद, असं अंतर हवं.

गळती

पाण्याचं मीटर असेल तर रात्री दोन ते चारचा प्रवाह बघा. मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १,४४० लिटर, आणि तेवढं एका फ्लशच्या खराब वॉशरमधून सहज जातं. मीटर नसेल तर रात्री इनलेट बंद करून टाकीची पातळी बघा. तीन बाय दोन मीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर, आणि तेवढी चूक सेन्सरचीही असू शकते, त्यामुळे एका रात्रीवरून कुणाच्या बाथरूमवर आरोप करू नका. तीन-चार रात्री मोजा.

अलार्म कुणासाठी?

आम्ही अलार्म चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडला. पहिल्या आठवड्यात सगळे धावले, दुसऱ्यात गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तो गाडला गेला. आता दोनच नंबरांवर जातो, आणि वॉचमन मामांकडे साधा फोन आहे म्हणून गेटवर भोंगा लावलाय. लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि ॲप शेवटचा ७८ टक्के तसाच दाखवत राहतं. आकड्याशेजारची वेळ बघायची सवय लावा, राउटरला छोटा यूपीएस द्या. आणि जमिनीखालच्या काँक्रीटच्या टाकीत वायफाय पोचेल या आशेवर राहू नका, वायर बाहेर काढून सिग्नल पाठवणारा रेडिओ जमिनीच्या वर ठेवा.

एक गोष्ट मात्र हट्टाने करा. जुना फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) काढून टाकू नका, स्टार्टरच्या लाइनीत तसाच राहू द्या. किटमधल्या छोट्या रिलेवरून पंप थेट चालवू नका, मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा मोठा स्विच, घाला. आमच्या रिलेचे पॉइंट एका रात्री चिकटले. ॲपने "पंप बंद" लिहिलं आणि पंप चालूच. तेव्हा गच्चीवरून पाणी जिन्यात येण्याआधी त्याला थांबवलं ते त्या पंधरा वर्षं जुन्या फ्लोटनेच.