मायएसक्यूएलचा सीपीयू शंभराला टेकला की काय करायचं

मायएसक्यूएल हा डेटाबेस अडकला की आधी, रिस्टार्ट करू नका. बफर पूल (डिस्कवरचा डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा) बराचसा रिकामा होतो, मग तीच क्वेरी डिस्कवरून वाचत आणखी रडतखडत चालते, आणि चालू क्वेऱ्यांचा माग पुसला जातो तो वेगळाच.

'टॉप' (कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणारी कमांड) लावून सीपीयू मायएसक्यूएलच खातोय ना, ते बघा. खाणारा बॅकअपचा प्रोग्राम निघाला तर पुढचं वाचायची गरज नाही.

मेमरी 80 टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरू नका. फक्त डेटाबेससाठीच्या मशीनवर बफर पूलला एवढी जागा आपणच देतो, ती भरणारच. स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढतोय का आणि कर्नलच्या लॉगमध्ये ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा) दिसतोय का, एवढंच तपासा. दिसला, तर सॉर्ट बफर आणि जॉइन बफर (क्रम लावायला आणि टेबलं जोडायला लागणारी मेमरी) बघा. दोन्हींची मूळ किंमत 256 केबी आहे. कुणीतरी 'ट्यूनिंग' म्हणून सॉर्ट बफर 64 एमबी करून ठेवलेला असतो. तो कनेक्शनगणिक लागतो. दोनशे कनेक्शनं एकदम मोठं सॉर्टिंग करायला बसली की साडेबारा जीबी तिथेच गेले.

आता सीपीयू. 'शो फुल प्रोसेसलिस्ट' (चालू क्वेऱ्यांची यादी) मारा, सगळ्यात जास्त वेळ चाललेली क्वेरी धरा, हा सल्ला सगळे देतात. मीही तेच करत दोन दिवस घालवले. यादीत मोठी क्वेरी नव्हतीच, स्लो क्वेरी लॉगही (मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेऱ्यांची नोंद) कोरा. कारण त्याची मूळ मर्यादा 10 सेकंद, आणि आमची क्वेरी अर्ध्या सेकंदात संपायची. फक्त प्रत्येक लॉगिनला चालायची.

म्हणून ही मर्यादा, म्हणजे 'लाँग क्वेरी टाइम', 0.1 सेकंदावर आणा. पण सेट ग्लोबलने बदललेली ही मर्यादा नव्या कनेक्शनांनाच लागू होते. ॲपच्या कनेक्शन पूलमधली (उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरलेली) जुनी कनेक्शनं 10 सेकंदच धरून बसतात, आणि लॉग कोराच राहतो. हे कळेपर्यंत माझा आणखी अर्धा दिवस गेला. ॲपचा पूल नव्याने जोडून घ्या, पंधरा मिनिटं थांबा, मग 'मायएसक्यूएलडम्पस्लो' (या लॉगचा गोषवारा काढणारं टूल) एकूण वेळेनुसार लावा. तो आपणहून सरासरीनुसार लावतो, आणि सरासरीत असली क्वेरी खालीच दडते.

सापडली की 'एक्सप्लेन' करा, म्हणजे मायएसक्यूएल ती कशी चालवतो ते दिसतं. आमच्याकडे 'पॉसिबल कीज'मध्ये इंडेक्सचं (झटपट शोधायच्या सूचीचं) नाव होतं, 'की'मध्ये मात्र नल, टाइप ऑल, म्हणजे इंडेक्स वापरलाच जात नव्हता. मोबाइल नंबरचा कॉलम व्हारकॅर (मजकुराचा प्रकार), आणि मीच लिहिलेल्या कोडमधून नंबर अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून जात होता. '98', '098', ' 98' हे सगळे मजकूर आकडा म्हणून एकच ठरतात, त्यामुळे मजकुराच्या क्रमाने लावलेला इंडेक्स इथे कुचकामी. अख्खं टेबल वाचलं जातं. नंबर स्ट्रिंग म्हणून पाठवला आणि काम झालं. नवा इंडेक्स नाही, जादा रॅम नाही.

तोवर सर्व्हर अगदीच गुदमरला असेल तर 'किल क्वेरी' सिलेक्टवरच (फक्त डेटा वाचणाऱ्या क्वेरीवर) चालवा. तासभर चाललेला अपडेट मारलात तर रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) तेवढाच वेळ खाईल, कदाचित जास्तच.