ड्रोनच्या आयातबंदीचा हिशेब सुट्या भागांवर कसा मांडावा

९ फेब्रुवारी २०२२ला केंद्राने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तयार ड्रोन असो की जुळणीसाठी सुटा करून आणलेला, दोन्ही बंद. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी परवानगीने सूट. सुटे भाग मात्र खुलेच राहिले. म्हणून बंदीचा फायदा किती, हे भागांच्या यादीवरच कळतं.

चार पंखांच्या ड्रोनची यादी करा: ४ ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटर, ४ ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारे सर्किट), फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा बोर्ड), जीपीएस, रेडिओ, बॅटरी, सांगाडा. प्रत्येकापुढे किंमत, मिळायला लागणारे आठवडे आणि मूळ उत्पादकाचा देश लिहा. बिल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराचं आहे म्हणून माल देशी होत नाही.

आता मूल्यवर्धन, म्हणजे विकत आणलेल्या मालावर तुम्ही किती भर घातली ते, काढा. ड्रोन उत्पादकांसाठीच्या २०२१च्या १२० कोटींच्या सरकारी प्रोत्साहन योजनेत जीएसटी वगळून विक्रीतून खरेदी वजा करायची आणि उरलेलं विक्रीच्या किमान ४० टक्के भरायला हवं, अशी अट होती. त्या मूल्यवर्धनाच्या २० टक्के प्रोत्साहन मिळे. समजा विक्री ४ लाख, खरेदी २ लाख ६० हजार. उरले १ लाख ४० हजार, म्हणजे ३५ टक्के; नापास. इथे बरेच जण फसतात: परदेशी मोटर काढून त्याच भावाची देशी मोटर विकत घेतली तरी आकडा हलत नाही, कारण खरेदी ती खरेदीच. कंट्रोलरचा बोर्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर स्वतः केलं, खरेदी २० हजारांनी उतरली, तरच ४० टक्के गाठतात. सूत्र घरात केलेल्या कामाला बक्षीस देतं, देशीपणाला नाही. आमच्या मते योजनेची ही मोठी उणीव होती.

मोटरकडे वेगळं बघा. चीनने १ सप्टेंबर २०२३पासून ड्रोनच्या काही इंजिनांवर आणि एप्रिल २०२५मध्ये डिस्प्रोशियम, टर्बियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंवर व मोटरीत लागणाऱ्या त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. तेव्हा आराखड्यातच दुसऱ्या, पर्यायी मोटरीची सोय ठेवा: बसवण्याची भोकं, वजन आणि ईएससीची अँपिअर-क्षमता दोन्हींना चालेल अशी.

चाचणीला ड्रोन नियम २०२१मधला ४२वा नियम वापरा. जीएसटी क्रमांक असलेल्या उत्पादकाला हरित क्षेत्रात (उड्डाणाला आगाऊ परवानगी न लागणाऱ्या भागात), स्वतःच्या ताब्यातल्या जागेत संशोधनासाठी उडवताना प्रकार-प्रमाणपत्र (त्या मॉडेलच्या तपासणीनंतर मिळणारी मान्यता) लागत नाही. मोटर बदलून बघायची ती इथेच; प्रमाणपत्रानंतर बदललीत तर तपासलेला ड्रोन वेगळा आणि विकलेला वेगळा ठरतो.