दोन्ही पाळायचंय? मग आधी सान्ना करून बघा

माझी आई वेंगुर्ल्याची ख्रिस्ती, अब्बा रत्नागिरीचे कोकणी मुसलमान. त्यामुळे 'दोन्ही धर्म एकदम पाळता येतात का गो?' असं कुणीतरी मला वर्षातून चारदा विचारतंच. मी करून बघितलंय, म्हणून सांगते.

सुरुवात चुलीपासून करा. सान्ना म्हणजे तांदूळ-नारळाची वाफवलेली मऊ वडी. आईच्या माहेरी तिचं पीठ माडी (माडाची ताडी) घालून फुगवतात. अब्बांकडे तेच तांदूळ, तोच नारळ, पदार्थाचं नाव सांदण. पण माडी म्हणजे नशा, म्हणून यीस्ट. पहिल्या ईदला आईनं पीठ ओल्या पंच्याखाली दुपारभर ठेवलं. फुगलं मस्त. पण ती आजही वाफ नाकाशी घेते आणि म्हणते, 'तो वास नाय.'

उपासाचं सोपं आहे. 2025 साली 2 मार्चला रमजान लागला, 5 मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस. मी रोजे धरले आणि ख्रिस्ती उपासात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून त्या दिवशी इफ्तारीला मटणाऐवजी मासे खाल्ले. आई-अब्बांपैकी कुणीच काही बोललं नाही. दान, आजारी माणसाची विचारपूस, मरियमविषयीचा आदर, यातही भांडण नाही. कुराणातली 19वी सूरा (अध्याय) तर तिच्याच नावाची.

खरी परीक्षा पुढे. एका रविवारी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) विश्वासांगिकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, मोठ्यानं म्हणा: येशू देवाचा पुत्र, क्रूसावर मेला, पुन्हा उठला. त्याच संध्याकाळी मगरिबच्या नमाजात सूरा इख्लास म्हणा: देवाला कुणी जन्म दिला नाही, त्यानंही कुणाला दिला नाही. आता चौथ्या सूरेतली 157वी आयत उघडा. तिथं क्रूसावरचं मरणच नाकारलंय. एकाच दिवसात एकाच तोंडानं दोन्ही म्हटल्यावर झोप लागते का बघा. मला लागली नाही.

अमेरिकेत ॲन होम्स रेडिंग या एपिस्कोपल नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या पाद्रीबाईंनी 2007 साली आपण ख्रिस्तीही आहोत आणि मुसलमानही, असं जाहीर केलं. 2009 साली त्यांचं पाद्रीपद काढून घेतलं गेलं. म्हणजे आपल्या मनात दोन्ही बसले तरी इगर्ज (चर्च) आणि जमात तसं मानतीलच असं नाही. म्हणून फादर आणि मौलवी दोघांना आधीच खरं सांगा. लपवून कम्युनियनला, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद घ्यायला, हात पुढे करू नका, त्यात त्या माणसांची फसवणूक होते. मी आता नमाज पढते. नाताळला आईसोबत शेवटच्या बाकावर बसते आणि कम्युनियनची रांग लागली की बसूनच राहते.

एक गोष्ट लोक विसरतात: माती कुठे? इगर्जीच्या सिमितेरीत (ख्रिस्ती दफनभूमीत) की कबरस्तानात, ते जिवंतपणी घरच्यांना सांगून ठेवा, कागदावर लिहिलंत तर उत्तम. आईला विचारलं, तेव्हा ती नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, 'माका वेंगुर्ल्याकच न्हेवा. थयसर कोणी सांदणा हाडली तर चलात.'