‘विमा आहे’ म्हणाले, तर पान दाखवा म्हणा: युद्धाच्या देशात नोकरीला निघण्याआधीची यादी

सुरुवातीलाच सांगतो आणि पुढे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं: कंपनीच्या विम्याचं एक्सक्लूजनचं पान, म्हणजे कशाकशाची भरपाई मिळणार नाही त्या अपवादांचं पान, मागा. होकार द्यायच्या आधी मागा. ते पान हातात येईपर्यंत पासपोर्ट कुणाच्या टेबलावर ठेवू नका.

पगाराचा आकडा ऐकला की आपल्याकडे लगेच घराचा स्लॅब पडायला लागतो. जरा थांबा आणि तासाचा हिशेब करा. अशा ठिकाणी कामाचा आठवडा सर्रास ८४ तासांचा असतो, म्हणजे रोज १२ तास आणि सुट्टीचा वार नाही. महिन्याचे झाले ३६४ तास. पगार १ लाख धरला तर तासाला पावणेतीनशे रुपये पडतात. हाच इलेक्ट्रिशियन किंवा जनरेटर मेकॅनिक आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत २५ हजारांवर रोज ८ तास आणि महिन्याला २६ दिवस राबला, तर त्याला तासाला १२० मिळतात. चौपट वाटणारा पगार असा सव्वादोन पटीवर येतो. त्यात रजा बिनपगारी असेल आणि दोन करारांमध्ये दोन महिने घरी बसावं लागणार असेल, तर वर्षाचे १२ लाख नव्हे, १० लाख. राहणं-जेवण फुकट मिळतं, ही जमेची बाजू खरी, तीही लिहा. पण आधी वहीत मांडा, मग घरात बोला. घरात आधी बोललात तर नंतर नाही म्हणायची सोय राहत नाही.

कर्ज काढून जायचं असेल तर जाऊच नका. शेकडा तीनने पैसे उचलून एजंटाला दिले की परत यायचा निर्णय तुमच्या हातात राहत नाही. तिथे रॉकेट पडत असलं तरी माणूस हप्त्याकडे बघून थांबतो. निघण्याआधी तुमच्या नावावर परतीच्या तिकिटाचे पैसे आणि बायकोच्या स्वतःच्या खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च असावा. एवढे नसतील तर आधी इथे वर्षभर काम करून ते जमवा.

आता ते पान. करारात एक ओळ असते: जीवनविमा व वैद्यकीय विमा कंपनीकडून. ती वाचून माणूस निर्धास्त होतो. पॉलिसी मात्र वेगळीच चोपडी असते, तिच्यात मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अपवादांची यादी असते, आणि नेहमीच्या वैयक्तिक अपघात विम्यात त्या यादीत हमखास हा मजकूर सापडतो: युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, शत्रुत्वाच्या कारवाया (युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो), यादवी, बंड, क्रांती. ‘जाहीर झालेलं असो वा नसो’ हे कंसातले शब्द बोट ठेवून वाचा. म्हणजे तुम्ही शिडीवरून पडलात तर भरपाई आहे, ड्रोन पडला तर नाही. युद्धाच्या देशात जाणाऱ्याला त्या विम्याचा उपयोग किती, तुम्हीच ठरवा. एचआरवाला फोनवर म्हणेल, ‘सगळं कव्हर आहे सर.’ त्याला म्हणा, ईमेलवर लिहून द्या आणि पान जोडा. पॉलिसी नंबर, विमा कंपनीचं नाव, युद्धाची जोखीम धरली आहे असं स्पष्ट वाक्य किंवा वेगळं जोडपत्र, आणि कामाच्या देशाचं नाव, इतकं पाहिजे. देशाचं नाव राहून जातं बरं का. पॉलिसी दुबईपुरती आणि माणूस बगदादला, असं होऊ शकतं.

काम अमेरिकी सरकारच्या कंत्राटावरचं असेल तर गोष्ट बदलते. तिथे १९४१ चा डिफेन्स बेस ॲक्ट हा अमेरिकेचा भरपाईचा कायदा लागतो आणि तो उपकंत्राटदाराच्या भारतीय कामगारालाही लागू आहे. मृत्यू झाल्यास पत्नीला सरासरी साप्ताहिक वेतनाच्या ५० टक्के मिळतात, मूल असेल तर जास्त, एकूण दोन तृतीयांशपर्यंत. परदेशी कामगाराच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. पुढच्या सगळ्या हप्त्यांचं आजचं मूल्य काढून त्याच्या निम्मी रक्कम एकदम देऊन मोकळं होण्याची सोय कायद्यातच ठेवली आहे. शिवाय बायको-मुलं नसतील तर आई-वडिलांना तेव्हाच मिळतं, जेव्हा आधीच्या वर्षभरात तुम्ही त्यांना पोसत होता असं दिसतं. म्हणून अविवाहित मुलांनी आईच्या खात्यात दरमहा बँकेतूनच पैसे पाठवावेत, हुंडीने किंवा मित्राच्या हाताने नको. इजा झाल्यास ३० दिवसांत कळवायचं आणि एक वर्षात दावा करायचा. दाव्याचा फॉर्म एलएस-२०३, मृत्यूच्या दाव्याचा एलएस-२६२. पण घरच्यांना मुख्य कंत्राटदार कोण, उपकंत्राटदार कोण आणि कंत्राटाचा नंबर काय हेच ठाऊक नसेल तर फॉर्म भरायचा कुणाच्या नावाने? ‘पोरगं इराकला अमेरिकन कंपनीत आहे’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही.

तुमची स्वतःची टर्म पॉलिसी असेल तर तीही काढा. मूळ विमारकमेला आणि अपघात रायडरला (पॉलिसीला वरून जोडलेल्या अपघात विम्याला) वेगवेगळे अपवाद असतात, रायडरमध्ये युद्ध हटकून वगळलेलं असतं. नवी पॉलिसी घेताना धोक्याच्या देशात जाणार का असा प्रश्न असतो. एजंट म्हणतो, ‘नाही लिहा, काही होत नाही.’ होतं. पहिल्या तीन वर्षांत माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येतो, आणि तुमचं युद्धाच्या देशातलं राहणं नेमकं त्याच तीन वर्षांतलं. विमा कंपनीला पत्र द्या, देशाचं नाव लिहा, पोच घ्या.

एजंट. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना तपासा, ऑफिसच्या भिंतीवरची फ्रेम बघून भागत नाही. त्याला फी घेता येते ती जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, आणि पावती मागा. अमेरिकी कंत्राटावर तर कामगाराकडून भरतीची फी घ्यायलाच मनाई आहे, पासपोर्ट ठेवून घ्यायलाही. टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणाला की उठून या. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) असतं आणि इराक, लिबिया, येमेन, सुदान, अफगाणिस्तान, सीरिया धरून १८ देशांसाठी त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स (देशाबाहेर नोकरीला जायची सरकारी परवानगी) लागतो. त्यासोबत प्रवासी भारतीय बिमा योजना येते: विमा १० लाखांचा, हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. दहावी पास असाल तर क्लिअरन्स लागत नाही, आणि म्हणूनच तुमची कुठे नोंदही होत नाही. स्वतःहून करा. इस्रायल आणि रशिया त्या १८ मध्ये नाहीत. इस्रायलला २०२४ पासून सळई बांधणी, फरशी, प्लास्टर, शटरिंगच्या कामांवर भारतातून सरकारी मार्गानेही माणसं गेली, पगार सुमारे १.३७ लाख. रशियाला मात्र ‘हेल्पर’ म्हणून नेलेली कित्येक मुलं आघाडीवर पाठवली गेली, कारण सह्या रशियन भाषेतल्या करारावर झाल्या होत्या. वाचता न येणाऱ्या कागदावर सही नाही. सोलापुरात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी असा आपला कारभार, भाषेची आपल्याला भीती नाही. पण करार त्या तीनही भाषांत नसतो. भाषांतर मागा, त्यावर कंपनीचा शिक्का मागा, आणि दोन्हींतला पगार, कामाचं नाव व जागा ताडून बघा.

जागेबद्दल नीट विचारा. ‘कॅम्प सेफ आहे’ हे उत्तर घेऊ नका. झोपायच्या कंटेनरपासून बंकर किती पावलांवर आहे? भोंगा वाजल्यावर किती सेकंद मिळतात? इस्रायलमध्ये तेल अवीवला सुमारे ९० सेकंद धरतात, गाझाच्या हद्दीलगत १५ किंवा त्याहून कमी. पंधरा सेकंदांत बांधकामाच्या तिसऱ्या मजल्यावरून कुणी खाली येत नाही, म्हणून आसरा मजल्यावर आहे की खाली, हे विचारायचं. शेतातलं काम म्हणजे सुरक्षित हाही गैरसमज. ४ मार्च २०२४ ला लेबनॉनच्या हद्दीलगत मार्गालिओतच्या बागेत क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार गेला. हेल्मेट आणि प्लेटचं (गोळी-तुकडे अडवणारं) जॅकेट कंपनी देणार का, तुमच्या मापाचं देणार का, प्लेटची मुदत संपलेली तर नाही ना, तेही विचारा. दहा किलोच्या वर जातं ते जॅकेट. आपला मे महिना काढलेल्या माणसाला उन्हाचं काय, असं वाटतं, पण मे महिन्यात आपण दुपारी सावलीत असतो. आणि काहीही झालं तरी शस्त्र हातात घेऊ नका, ‘गेटवर जरा उभा राहा’ म्हणाले तरी. लढाईत भाग घेतला की नागरिक म्हणून मिळणारं संरक्षण त्या वेळेपुरतं जातं. सैन्यासोबत काम करणाऱ्या नागरिकाला ओळखपत्र मिळायला हवं, ते कायम अंगावर ठेवा.

बाहेर पडायची वाट. करारात दोन वाक्यं शोधा: मी सोडलं तर तिकीट कुणाचं, आणि परिस्थिती बिघडली तर माघारीचा निर्णय कोण घेणार. ‘सरकार आणेल’ यावर विसंबू नका. सरकार आणतं, पण बंदरातून किंवा विमानतळावरून आणतं. २०२३ मध्ये सुदानमधून जहाजं पोर्ट सुदानहून निघाली आणि खार्तूमपासून ते शेकडो किलोमीटर. तिथवरच्या बसला डिझेल आणि रोख पैसे लागतात. म्हणून कमरेला थोडे सुटे डॉलर, खात्यात नव्हे. पोचल्याच्या दिवशी दूतावासात नोंद. तुमची मर्यादाही आधीच लिहा: कॅम्पच्या आत स्फोट झाला, दोन महिने पगार आला नाही किंवा पासपोर्ट काढून घेतला, की परत. लिहून बायकोकडे द्या. तिथे गेल्यावर माणूस रोज थोडी थोडी रेषा पुढे सरकवतो.

आणि ते पान? मागितलं का? अजून नसेल तर इथे थांबा, आज ईमेल करा, बाकीचं उद्या वाचा.

घरचे कागद. एनआरई (अनिवासी भारतीयाच्या) खात्यात बायकोचं नाव जोडलं की ती पैसे काढू शकेल असं सगळे समजतात. तसं नसतं. निवासी नातेवाइकाबरोबरचं ते खातं ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असतं; तुम्ही असेपर्यंत तिला मुखत्यारपत्राशिवाय हात लावता येत नाही. बँकेत मुखत्यारपत्र द्या किंवा तिच्या खात्यात दरमहा रक्कम लावून टाका. मुखत्यारपत्र माणूस गेला की संपतं, म्हणून मृत्युपत्रही करा, दोन साक्षीदार आणि त्यात लाभार्थी नको. बेपत्ता झालेल्याचा विचार कुणी करत नाही. इराकच्या मोसुलमध्ये २०१४ साली पळवलेल्या ३९ भारतीय कामगारांचे मृत्यू जाहीर झाले ते मार्च २०१८ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं घरच्यांकडे दाखला नव्हता, आणि पुरावा नसेल तर कायदा बेपत्ता माणसाला मृत मानायला सात वर्षं घेतो. तोवर विमाही अडकतो. म्हणून घरखर्चाचे पैसे तिच्या एकटीच्या नावावर, हे वर सांगितलं ते त्यासाठी. कराची बाजू: नोकरीसाठी जाताना त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तरच अनिवासी. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत निघालात तर बरं, दिवाळी करून निघालात तर त्या वर्षीचा पगार इथल्या करात येतो. तारखा सीएला दाखवा.

दात. हसू नका, दात करून घ्या. कॅम्पमध्ये दाढ दुखली तर दंतवैद्य नसतो. चष्मे दोन. धनुर्वात, कावीळ, टायफॉइडची लस. दक्षिण सुदान वगैरेंसाठी पिवळ्या तापाची लस, किमान १० दिवस आधी, अधिकृत केंद्रातच. औषधं तीन महिन्यांची, चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव. ट्रॅमाडोल, कोडीनवाली (अफूच्या जातीची) औषधं कुठल्याही देशात नेण्याआधी चौकशी करा. टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) बांधायला शिका: जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, बांधल्याची वेळ लिहायची.

पोलिस क्लिअरन्स, फोटो, शिक्के: तुम्हाला माहीत आहे.

घरी एक फाइल. कराराची सगळी पानं, व्हिसा, कंत्राटाचा नंबर, एजंटाचा परवाना, दूतावासाचा आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा नंबर (१८००-११-३०९०), आणि विम्याचं एक्सक्लूजनचं पान. मूळ नाही मिळालं तर प्रिंट. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका, मोबाइल तुमच्याबरोबर तिकडे जातो. भावाला फाइल उघडून दाखवा, त्याच्याकडून ते पान मोठ्याने वाचून घ्या. त्याला कळलं नाही तर तुम्हालाही कळलेलं नाही.

बॅग हलकी. जाड तळाचे बूट, टॉर्च, पॉवर बँक, छापलेले नंबर. शेंगाचटणी चेक-इनच्या बॅगेत, कडक भाकरी वरच्या थरात, मोडतात.