लॅपटॉप बोलतो आहे तोवर करायची तयारी

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे अनेकांना विंडोज नव्याने टाकून बॅकअपवरून सगळं परत आणावं लागतंय. डोळस माणसाला अशा वेळी फायलींची काळजी असते. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या अंधांना त्याच्याही आधी आवाजाची काळजी असते. जुनी विंडोज पुसल्यापासून नवी बोलू लागेपर्यंत पडद्यावर काय आलंय ते आपल्याला कळत नाही. पुढची सगळी तयारी हा मुका काळ कमीत कमी राहावा यासाठी आहे, आणि ती लॅपटॉप नीट बोलत असतानाच उरकायची आहे. मी इथे विंडोज आणि एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर धरून लिहिते आहे.

सुरुवात आवाजापासून करा. एनव्हीडीएच्या मेनूत टूल्समध्ये पोर्टेबल कॉपी, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी प्रत, बनवायचा पर्याय आहे. ती पेनड्राइव्हवर बनवा आणि सध्याची सेटिंग्ज सोबत घेण्याचा चेकबॉक्स विसरू नका. ॲड-ऑन, उच्चारांचे शब्दकोश, आपण बदललेल्या कीज असं वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं त्यात येतं. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो, म्हणजे मराठी आवाज वेगळा उतरवण्यात वेळ जात नाही. मात्र पोर्टेबल प्रत प्रशासकाची परवानगी विचारणारी खिडकी वाचू शकत नाही. म्हणून नव्या विंडोजवर पहिलं काम म्हणजे त्याच प्रतीच्या टूल्स मेनूतून एनव्हीडीए रीतसर इन्स्टॉल करणं. तेव्हाही ती खिडकी एकदा येतेच. विंडोज इंग्रजीत असेल तर ऑल्ट आणि वाय दाबलं की होकार जातो. जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी लॅपटॉप पुसण्याआधी परवान्याचे तपशील हाताशी घ्यावेत. परवाना लागू होईपर्यंत जॉज एका वेळी ४० मिनिटंच चालतं.

स्क्रीन रीडर असूनही साउंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नसला तर आवाज येत नाही. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे यूएसबी साउंड कार्ड. बहुतेक कार्डं विंडोज स्वतःकडच्या साध्या ड्रायव्हरवर चालवते. मी तर म्हणेन, दुसरं काही घेतलं नाही तरी हे घ्याच. त्यासोबत आत्ताचे सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात काढून ठेवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल या विंडोजच्याच कमांडच्या एका ओळीत ते होतं. वाय-फायचा ड्रायव्हर त्यात असला की नेट नसल्याने अडकण्याची वेळ येत नाही.

मग किल्ल्या. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवायची सोय, चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्यात शिरायला पासवर्ड आणि ओटीपी लागतो. म्हणून की ब्रेलमध्ये लिहून घ्या, फोनमध्येही ठेवा. वाय-फायचा पासवर्ड आणि मेलचा पासवर्ड फक्त लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येच असतील तर आजच बाहेर काढा.

फायलींसाठी मला रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड आवडते. ती विंडोजमध्येच असते, तिच्यात चित्रांची बटणं नाहीत, आणि काय झालं त्याचा लॉग साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मिळतो. तो नोटपॅडमध्ये ओळीओळीने ऐकता येतो. आपल्या नावाचं पूर्ण फोल्डर घेताना जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारे दुवे) वगळायचा पर्याय द्या, नाहीतर तेच ते फोल्डर पुन्हा पुन्हा कॉपी होत बसतात. मिरर हा पर्याय फार जपून वापरा. मूळ ठिकाणी जे नाही ते तो बॅकअपमधूनही पुसतो, आणि दोन पत्ते चुकून उलटे दिले तर रिकाम्या फोल्डरची नक्कल भरलेल्यावर होते. वनड्राइव्हच्या फायली दिसतात तरी कित्येकदा लॅपटॉपवर नसतात. हव्या त्या आधी उतरवून घ्या.

मराठीत जुनं काम असेल तर इथे थोडं थांबा. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबीटीटी सुरेख अशा फाँटमध्ये टाइप केलेलं डोळसांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. अशा फायली युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत करून मूळ फाइलच्या शेजारी ठेवा, आणि तो फाँटही बॅकअपमध्ये घ्या, म्हणजे डोळस सहकाऱ्याला मूळ प्रत उघडता येईल. काम कंटाळवाणं आहे, पण आपलं लिखाण आपल्याला वाचता यायलाच हवं.

पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब नक्कल, घेणार असाल तर सगळ्यात धोक्याचा क्षण डिस्क निवडण्याचा असतो. रिकव्हरीत, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यात, शिरल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. रोजचा सी तिथे डी होऊ शकतो. म्हणून प्रत्येक ड्राइव्हला आत्ताच ओळखू येईल असं नाव द्या, हार्ड डिस्कवर ब्रेलची चिकटपट्टी किंवा रबरबँड लावा, आणि रिस्टोअर करताना नको असलेल्या सगळ्या डिस्क काढून ठेवा. रिकव्हरीत विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर सुरू होतो का ते आधीच करून पाहा. त्यासाठी शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडा. यूएसबीवरून सुरू करायचा पर्यायही तिथेच मिळतो, म्हणजे बायोसमध्ये, विंडोजच्या आधीच्या न बोलणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शिरावं लागत नाही. नॅरेटर तिथे बोलला नाही तर एकट्याने इमेज परत आणायचा बेत सोडा. त्यापेक्षा विंडोज कोरी टाकून फायली परत आणणं बरं, कारण विंडोजच्या सेटअपमध्येही त्याच तीन कीज नॅरेटर सुरू करतात.

तरीही एखादा पडदा गप्प राहिलाच तर काय, हेही ठरवून ठेवा. फोन पूर्ण चार्ज असावा, त्यात कॅमेऱ्यातून मजकूर वाचणारं ॲप असावं, आणि व्हिडिओ कॉलवर येईल अशा ओळखीच्या माणसाला वेळ आधी सांगितलेली असावी. बी माय आइज सारख्या सेवेवर अनोळखी स्वयंसेवक मनापासून मदत करतात, पण रिकव्हरी की किंवा पासवर्ड पडद्यावर असताना कॅमेरा तिकडे वळवू नका.

बॅकअप तपासल्याशिवाय काही पुसू नका. त्यातल्या काही फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून ऐका. एक कागदपत्र, एक ध्वनिफीत, एक देवनागरी नावाची फाइल. शक्य असेल तर दुसरी प्रत घराबाहेर कुणाकडे ठेवा. वीज जाते त्या वारी हे काम काढू नका, आणि चार्जर लावलेलाच असू द्या.

सगळं परत आल्यावर एनव्हीडीएच्या जनरल सेटिंग्जमध्ये साइन-इनच्या पडद्यावरही ते चालू राहील असं करा, आणि तिथेच आपली सेटिंग्ज त्या पडद्यालाही लागू करायचं बटण दाबा. एकदा रीस्टार्ट करून पासवर्डचा पडदा आपल्या ओळखीच्या आवाजात बोलतो का ते ऐका. बॅकअपची डिस्क दुसऱ्या कामाला लगेच घेऊ नका. काहीतरी राहून गेलंय हे बऱ्याचदा महिनाअखेरीचा हिशेब उघडल्यावरच लक्षात येतं.